गुंडीचं निळं पीस

एक कोडं घालते. माझ्या हातात एक पीस आहे, चांगलं दोन वितींचं. उन्हाकडे पाठ करून बघितलं तर ते असं निळं दिसतं की बघणारा दोन पावलं पुढे येतो. आता तेच पीस मी सूर्याच्या आड धरते, म्हणजे उजेड पिसाच्या पलीकडून माझ्याकडे येईल. निळा गायब! उरतो तो मातकट, तपकिरी-पिवळा, वाळलेल्या केळीच्या पानासारखा रंग. पुन्हा उन्हाकडे पाठ केली की निळा हजर. पीस तेच, हात तोच. मग मधल्या मधे निळा जातो कुठे?

विचार करा, घाई नाही. मला मात्र घाई होती, कारण हे कोडं दुपारी चारच्या आत सुटलं नसतं तर एका पक्षिणीचं सगळं आयुष्य पिंजऱ्यात गेलं असतं. मी ते शांत डोक्याने सोडवलं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी संतापले होते आणि अजूनही आठवलं की संताप येतो. "राग गेला की मग लिही," असं आई म्हणाली. पण राग गेल्यावर माणूस सगळ्यांना सांभाळून घेत लिहितो, आणि मला कुणालाही सांभाळून घ्यायचं नाही. यंत्राला नाही, आजोबांना नाही आणि स्वतःलाही नाही.

मी केतकी निळारी. सहावीत आहे. आमचं घर इचलकरंजीला. गोष्ट गेल्या वर्षीची, म्हणजे २०७३ सालातली. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या निळीच्या हौदात कापड बुडवायचं काम चालायचं, म्हणून आडनावही तेच पडलं. माझे आजोबा, बळवंत निळारी, रंगांचे शास्त्रज्ञ. चाळीस वर्षं त्यांनी कापड रंगवायचा कारखाना चालवला. कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांच्या नखांच्या कडा अजून निळसर आहेत. कितीही हात धुतले तरी तो रंग जात नाही, आणि खरं सांगायचं तर तो जाऊ नये असंच त्यांना वाटतं.

दर रविवारी आम्ही दोघं घाटावर आंबेखोलला जायचो. तिथे जप्त केलेल्या परदेशी पक्ष्यांचं निवारा केंद्र आहे. चोरून आणलेले पक्षी पकडले गेले की तिथे येतात. केंद्र सांभाळतात डॉक्टर शहनाज मुजावर, म्हणजे आमच्या मुजावर मॅडम. त्या पशुवैद्य आहेत. आणि तिथे होती माझी लाडकी जोडी, हळद्या आणि गुंडी.

हे दोघं निळे-पिवळे मकाव. मकाव म्हणजे दक्षिण अमेरिकेतले मोठे पोपट. मोठे म्हणजे किती? चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ तीन फूट! पाठ, पंख आणि शेपूट निळी, गळ्याखालून पोटापर्यंत हळदीसारखा पिवळा रंग आणि कपाळावर हिरवी पट्टी. गाल पांढरे, उघडे, आणि त्यांवर बारीक काळ्या पिसांच्या ओळी, सुईदोऱ्याने टाके घातल्यासारख्या. आनंद झाला की हे गाल चक्क गुलाबी होतात. चोच काळी आणि इतकी जबर की आपल्याला दगडाने फोडावं लागेल असं कवच ती कडकन फोडते. पायाला दोन बोटं पुढे आणि दोन मागे, त्यामुळे फळ मुठीत धरून आपल्यासारखं खाता येतं. गोड आवाजाची अपेक्षा असेल तर मात्र सोडून द्या. गुंडी ओरडली की घाटातली माकडं पळतात.

गुंडीला हे नाव पडलं ते तिच्या चोरीमुळे. शर्टाची गुंडी दिसली की ती मान वाकडी करून, साळसूद चेहऱ्याने जवळ येते आणि कटकन तोडून नेते. मागे दोराही ठेवत नाही.

हे दोघं पिल्लं असताना कुणीतरी त्यांना प्लॅस्टिकच्या नळ्यांत कोंबून, चोचींना चिकटपट्टी लावून, बॅगेत घालून आणलं होतं. नळ्या आठ होत्या. जिवंत निघाली ही दोनच. हे मॅडमनी मला सांगितलं त्या दिवशी मी जेवले नाही. तुम्हाला घरात बोलका पोपट हवा, म्हणून सहा पिल्लं नळीत गुदमरून मेली. हवाय तुम्हाला असा पोपट?

सात वर्षं ही जोडी केंद्रात होती. पिंजरा तसा मोठा, साठ पावलांचा. पण मॅडम सांगतात, यांच्या मूळ जंगलात हे सकाळी निघाले की फळं शोधत मैलोन्‌मैल उडतात. दलदलीत उंच ताड असतात. एखादा ताड मेला की त्याचं खोड आतून पोकळ होतं आणि त्या ढोलीत हे अंडी घालतात. काही नद्यांच्या काठी मातीचे उभे कडे असतात, तिथे शेकडो मकाव एकदम जमून माती खातात. त्या मातीतून त्यांना फळांत न मिळणारे क्षार मिळतात. आणि जोडी एकदा जमली की सहसा आयुष्यभर मोडत नाही. मोठ्या थव्यातसुद्धा जोडीचे दोघं पंखाला पंख लावून उडतात. साठ पावलांत कसले पंखाला पंख लावणार!

म्हणून आम्ही परतीच्या जहाजाची वाट बघत होतो. जहाज म्हणजे उन्हावर चालणारं हवाई जहाज. ते गावोगावच्या केंद्रांतून जप्त पक्षी गोळा करून त्यांना त्यांच्या त्यांच्या देशांत पोचवायचं. तिथे छावणीत वर्षभर राहून, जंगलात जगायला शिकून, मग त्यांची सुटका. गेल्या वर्षीची खेप शेवटची होती. पुढे ही योजनाच बंद होणार होती.

पण जहाजात चढण्याआधी एक चाचणी होती. आधीच्या खेपेला कुठल्याशा केंद्रातल्या लबाड माणसांनी खरे पक्षी परस्पर विकले आणि त्यांच्या जागी साधे पक्षी रंगवून पाठवले. तेव्हापासून नियम आला: प्रत्येक पक्ष्याचा रंग खरा की लावलेला, हे यंत्राने तपासायचं. असं यंत्र आणायचं कुठून? आजोबा छाती पुढे काढून म्हणाले, "आमचं पारखी हाय की! चाळीस वर्षांत एकदाबी चुकलं न्हाई."

पारखी म्हणजे आजोबांच्या कारखान्यातला यंत्रमानव. कपाटाएवढा देह, खाली चाकं, दोन लांब हात आणि मधोमध काचेचा एकच डोळा. कापडाचा रंग पक्का की कच्चा हे ओळखणं, एवढंच त्याचं आयुष्यभराचं काम.

त्या दिवशी सकाळी जहाज माळावर उतरलं आणि नऊ वाजता चाचणी सुरू झाली. पिसं उपटायची नव्हती, आपोआप गळलेलीच घ्यायची होती. हळद्याचं छातीवरचं एक पिवळं पीस पारखीने खलात घातलं आणि कुटलं. भुकटी पिवळी निघाली. ती द्रावकात (ज्यात दुसरा पदार्थ विरघळतो अशा द्रवात) तापवली, तर द्रावकही पिवळा झाला.

"रंग पक्का. पक्षी मंजूर," पारखी म्हणालं.

मग गुंडीच्या शेपटीचं पीस. या पिसाची वरची बाजू निळी आणि खालची पिवळी असते. पारखीने ते कुटलं. मी खलात वाकून बघितलं. भुकटी निळी नव्हती. मळकट तपकिरी होती. द्रावकात तापवल्यावर थोडा पिवळा रंग उतरला. निळ्याचा थेंबही नाही.

"रंग कच्चा," पारखी म्हणालं. "मूळ पीस पिवळे आहे. निळा रंग वरून लावलेला असून कुटताच उडाला. नियम चौदा. पक्षी नामंजूर."

"काहीतरीच काय!" मी ओरडले. "तिला कुणी रंगवलं? मी दर रविवारी बघते तिला. ती आंघोळ करते तेव्हा कुठे जातो रंग?"

मुजावर मॅडमही म्हणाल्या, "ही पाखरं अंगावर पिसं नव्हती तेव्हापासून माझ्या हातची आहेत. मी लिहून देते."

"साक्ष ही चाचणी नव्हे," पारखी शांतपणे म्हणालं. "मागील खेपेस रंगवलेल्या पक्ष्यांबद्दलही लिहून देण्यात आले होते."

मॅडमनी आजोबांकडे बघितलं. "काका, मोडलेला पंख मी सांधीन. रंगाचं तुम्हीच सांगा."

आजोबा हळूच म्हणाले, "पारखी चुकत न्हाई गं. चौदावा नियम मीच घातलाय त्याच्यात. कुणीतरी पिवळ्या कापडावर निळा पातळ मुलामा देऊन आमच्या नावानं विकलं हुतं. शाळेच्या ऐंशी पोरींचे फ्रॉक पहिल्या धुण्यात पिवळे पडले. तवा नियम केला, घासून-कुटून जो रंग उडतो तो वरून लावलेला."

"पण गुंडी फ्रॉक आहे का?"

"मग निळा कुठंय, दाव मला! रंग दिसतोय म्हंजे रंगद्रव्य असलंच पायजे." रंगद्रव्य म्हणजे ज्या पदार्थामुळे वस्तूला रंग येतो तो पदार्थ. हळदीत असतो, निळीत असतो, शाईत असतो. "पदार्थाबिगर रंग, असं कुठं असतंय व्हय?"

म्हणजे पक्षीण खोटी आणि यंत्र खरं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पलीकडे मंजूर पक्ष्यांच्या पेटीत हळद्याला घातलं होतं आणि अलीकडे गुंडी एकटी. दोघं एकमेकांना हाका मारत होते. गुंडी जाळीला चोच घासत होती आणि मधूनच स्वतःच्या छातीवरची पिसं ओढत होती. एकटे पडलेले मकाव असं करतात. स्वतःलाच ओरबाडतात.

आणि मग मी एक शहाणपणा केला. मला वाटलं, दोघं एकाच जातीचे, हळद्या मंजूर झालाय, मग त्याचंही निळं पीस कुटायला लावू. तेही तपकिरी निघालं की यंत्राला आपली चूक कळेल. मी धावत जाऊन हळद्याचं गळलेलं निळं पीस आणून पारखीच्या हातात दिलं. "हे तपास की! बघू काय म्हणतोस!"

पारखीने कुटलं. भुकटी तपकिरी.

"आभारी आहे," पारखी म्हणालं. "दुसरा पक्षीही रंगवलेला आहे. दोन्ही पक्षी नामंजूर."

मला रडूसुद्धा फुटेना. एक तरी जंगलात गेला असता. आता माझ्या आगाऊपणामुळे दोघंही कायमचे इथेच. "निदान बरोबर तरी राहतील," मॅडम म्हणाल्या. मला त्यांचाही राग आला. बरोबर राहतील म्हणे, साठ पावलांत, अजून चाळीस-पन्नास वर्षं! मकाव तेवढे जगतात.

आजोबांनी खिशातून खडीसाखरेचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. घसा बसतो म्हणून त्यांच्या खिशात ती कायम असते आणि माझी समजूत काढायलाही त्यांना तेवढंच सुचतं.

"नको मला तुमची साखर!" मी खडा फरशीवर आपटला आणि वरून टाचेने दाबला. काचकन आवाज झाला. "चाळीस वर्षं तुम्ही यंत्राला तुमची चूक शिकवली आणि आता त्याच्या मागे लपताय!"

आजोबांशी असं कुणी बोलत नाही. मीही त्याआधी कधी बोलले नव्हते. आता ते रागावतील म्हणून मी मान खाली घातली. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते फरशीकडे बघत होते. गुडघे धरत ते खाली बसले.

"केतकी, खडा कसा हुता?"

"कसा म्हणजे? खडीसाखरेसारखा."

"रंग सांग."

"रंग कुठला? काचेसारखा. आरपार दिसायचा."

"आणि हे?" त्यांनी माझ्या टाचेखालच्या भुकटीवर बोट टेकवलं. बोट पांढरं झालं.

"पांढरं."

"हा पांढरा रंग कुणी लावला?"

कुणीच नाही. साखर तीच होती. मी तिला फक्त फोडलं होतं. खडा अखंड होता तेव्हा उजेड त्यातून सरळ जात होता. चुरा झाल्यावर प्रत्येक कणावरून उजेड इकडेतिकडे उडायला लागला, म्हणून तो पांढरा दिसला. बेसिनमधल्या फेसाचंही तसंच. पाण्यात पांढरं काही नसतं, तरी फेस पांढरा.

"म्हंजे," आजोबा पुटपुटले, "पदार्थ न बदलता, नुसती रचना बदलली तरी रंग बदलतोय. मग कुटल्यावर निळा गेला, म्हंजे तो वरून लावलेला हुता असं न्हवं. आपण काहीतरी मोडलंय. कुटून आपणच मोडलंय!" ते ताडकन उठले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस इतक्या चटकन उठू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

अकरा वाजले होते. कापडाचा धागा बारकाईने बघायला पारखीच्या पोटात एक जबरदस्त सूक्ष्मदर्शक होता, लहान वस्तू पन्नास हजार पट मोठी करून दाखवणारा. "कुटू नको," आजोबांनी बजावलं. "अखंड पीस घे, एक तंतू आडवा काप आणि आतलं दाव."

पडद्यावर चित्र उमटलं. आत मला निळी भुकटी दिसेल असं वाटलं होतं. तसलं काही नव्हतं. दिसला तो स्पंज! पाव कापल्यावर आत जाळी दिसते ना, तशी जाळी. सगळीकडे बारीक बारीक पोकळ्या आणि त्यांच्या खाली काळपट कणांचा थर.

"जाळी केराटिनची," मुजावर मॅडम म्हणाल्या. केराटिन म्हणजे आपली नखं आणि केस ज्याचे बनलेले असतात तो पदार्थ. "आणि पोकळ्यांत नुसती हवा."

"पारखी, पोकळ्या किती अंतरावर हाईत?" आजोबांनी विचारलं.

"साधारण दीडशे ते दोनशे नॅनोमीटर. अंतरे बऱ्याच अंशी एकसारखी आहेत." नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला एक केस ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा.

आजोबांनी कपाळावर हात मारला आणि मला समजावायला लागले. समजावताना ते स्वतःही समजून घेत होते, हे मला दिसत होतं.

"हे बघ. उन्हाचा उजेड पांढरा दिसतो, पण त्यात सगळे रंग असतात. प्रत्येक रंग म्हंजे एक लाट. तांबड्याची लाट लांब, निळ्याची आखूड. आता झोपाळ्यावर बसलीस आणि मी बरोबर वेळेवर धक्के दिले तर काय हुतंय?"

"झोका वाढतो."

"आणि कवाबी, कसेबी दिले तर?"

"झोका थांबतो."

"तेच! या पोकळ्यांवरून उजेड जरा जरा माघारी फिरतो. पोकळ्यांमधलं अंतर असं हाय, की माघारी फिरलेल्या निळ्या लाटा एकमेकींना वेळेवर धक्का देतात. झोका वाढतो, निळा झगझगीत हुतो. तांबड्या, पिवळ्या लाटांचं गणित जुळत न्हाई. त्या आरपार जातात आणि खालचा काळा थर त्यांना गिळून टाकतो."

"म्हणजे पिसात निळा रंग नाहीच?"

"निळा पदार्थ न्हाई. निळा दिसावा अशी घडण हाय."

मी हातातल्या पिसाकडे बघितलं. ते खिडकीच्या उजेडापुढे धरलं आणि तेव्हाच मला ते पहिल्यांदा दिसलं. निळा गायब! मी पीस फिरवलं. निळा हजर. सुरुवातीला घातलेलं कोडं आठवतंय ना? ते मला तिथे पडलं आणि तिथेच सुटलं. उजेड माझ्या मागून येतो तेव्हा पीस निळ्या लाटा माझ्याकडे परत पाठवतं. उजेड पलीकडून आला तर निळ्या लाटा पलीकडेच परत जातात, आणि माझ्यापर्यंत पोचतो तो उरलासुरला, काळ्या आणि पिवळ्यातून गाळून आलेला मातकट उजेड.

"आणि कपाळ हिरवं कसं?" मी विचारलं.

"तिथे पिवळं रंगद्रव्य आणि त्याच्या खाली ही निळी जाळी," मॅडम म्हणाल्या. "निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा. पिवळं द्रव्य मात्र खरंखुरं असतं. पोपट ते स्वतःच्या अंगात बनवतात. फ्लेमिंगोचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, तसं यांचं नसतं."

म्हणून पारखीला पिवळा सापडला आणि निळा सापडला नाही. गुंडी खोटी नव्हती. खल खोटा होता!

पण पारखी कुठलं ऐकायला! "निष्कर्ष रंजक आहे," ते म्हणालं. "तथापि रंगवलेले पीस आणि हे पीस यांतील फरक सिद्ध झालेला नाही. नियम चौदा लागू."

अडीच वाजले होते. तीन वाजता पेट्या जहाजात चढवायला सुरुवात होणार होती आणि चारला जहाज सुटणार होतं. मला ते यंत्र घाटाखाली ढकलून द्यावंसं वाटत होतं. पण ते जे विचारत होतं ते बरोबरच होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"मग रंगवलेलं पीस करूनच दाखवू," मी म्हणाले. केंद्रातल्या जखमी बगळ्याचं एक गळलेलं पांढरं पीस मी आणलं. मॅडमच्या टेबलावरच्या निळ्या शाईत बुडवलं आणि उन्हात वाळवलं. मग एका हातात बगळ्याचं, एका हातात गुंडीचं पीस घेऊन मी पारखीच्या डोळ्यासमोर उभी राहिले. समोरून उजेड टाकला तर दोन्ही निळी. उजेड पलीकडून टाकला तर गुंडीचा निळा गेला आणि बगळ्याचा राहिला. शाई म्हणजे रंगद्रव्य. ती बाकीचे रंग शोषून निळाच पुढे जाऊ देते, म्हणून आरपार बघितलं तरी निळीच दिसते.

"आता कळलं?" मी म्हणाले. "पलीकडून उजेड टाकल्यावर निळा हरवला तर तो पोपटाचा. टिकला तर माणसाने लावलेला. तुझ्या नियमाच्या बरोबर उलटं!"

पारखीचा डोळा बराच वेळ दोन्ही पिसांवर मागेपुढे फिरत राहिला. "फरक सिद्ध," ते शेवटी म्हणालं. "परंतु नियम चौदा रद्द करण्याचा अधिकार फक्त नियमकर्त्यास आहे. नियमकर्ते बळवंत निळारी. कारण नोंदवावे."

आजोबा यंत्रापुढे उभे राहिले. नखांच्या निळ्या कडा त्यांनी दुसऱ्या हाताने चोळल्या. मला वाटलं, आता ते परिस्थिती, माहितीचा अभाव, असलं काहीतरी मोठ्या माणसांसारखं बोलतील.

"कारण लिही," ते म्हणाले. "मला कापड कळतं. पाखरू कळत न्हवतं. कापडाचा नियम मी पाखराला लावला. चूक माझी हाय, पाखराची न्हाई आणि तुझीबी न्हाई. माझी नात सकाळपासनं वरडून सांगत हुती, ते मी ऐकलं न्हाई. हेबी लिही."

"नोंद झाली. नियम चौदा पक्ष्यांसाठी रद्द. नवीन नियम: पीस कुटू नये. उजेड दोन्ही बाजूंनी टाकावा. दोन्ही पक्षी मंजूर."

मॅडमनी पेटीचं दार उघडलं आणि गुंडीला हळद्याशेजारी सोडलं. पुढचा गोंगाट मी लिहूच शकत नाही. दोघांचे गाल गुलाबी झाले होते. हळद्या गुंडीच्या ओरबाडलेल्या छातीवरची उरलेली पिसं एक एक करून चोचीने सारखी करत होता. आजोबा निरोप द्यायला जाळीजवळ वाकले. गुंडीने मान वाकडी केली, साळसूद चेहरा केला आणि कटकन त्यांच्या शर्टाची वरची गुंडी तोडली. तशीच चोचीत धरून ती जहाजात गेली. चारला पाच मिनिटं कमी होती.

याला आता वर्ष झालं. मागच्या महिन्यात छावणीतून एक चित्रफीत आली. ताडांच्या रांगेवरून दोन पक्षी उडतायत, लांबून, पंखाला पंख लावून. हेच दोघं कशावरून, असं आईने विचारलं. मी चित्रफीत पुन्हा पहिल्यापासून लावली.

आजोबांनी त्या शर्टाला नवीन गुंडी लावू दिली नाही. आणि त्यांनी जुना कारखाना पुन्हा उघडलाय. त्या कारखान्यामागे एक ओढा आहे. ज्या दिवशी निळं कापड रंगायचं त्या दिवशी तो निळा वाहायचा, तांबडं रंगलं की तांबडा. त्यातले मासे माझ्या जन्माआधीच संपले. "तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही?" असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "गुंडीच्या निळ्यानं कुठल्या ओढ्याचं पाणी नासत न्हाई." आता ते आणि पारखी मिळून पिसासारखी आत हवेची जाळी असलेला धागा बनवू बघतायत. रंगाशिवाय निळं कापड! पहिल्या वेळी राखाडी आलं, दुसऱ्या वेळी पांढरं, आणि सतराव्या वेळी तर धाग्याचा चिखल झाला.

काल मी शाळेतून आले तेव्हा आजोबा दारातच उभे होते. त्यांनी माझ्या तळहातावर कापडाचा एक तुकडा ठेवला. नखाएवढाच असेल. निळा होता, जरासा फिकट, पण निळा.

मी विश्वास ठेवला नाही. तुकडा घेऊन खिडकीशी पळाले आणि सूर्यापुढे धरला.

"गेला का गं निळा?" आजोबांनी मागून विचारलं.

"गेला," मी म्हणाले. "पार गेला!"

आजोबा खुर्चीत बसले आणि त्यांनी खिशातून दोन खडे काढले, एक स्वतःला आणि एक मला. या वेळी मी माझा खाऊन टाकला.